किल्टवर कोट कोणता?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रामुळे बॅगपाइपचे सूर आपल्या भागाला नवे नाहीत. आता आपली मुले शिक्षण-नोकरीसाठी थेट स्कॉटलंडला जातात. तिथे मित्राचे लग्न निघाले, की प्रश्न पडतो : किल्टवर कोट कोणता घालायचा?

आपल्याकडे धोतर म्हणा की पंचे, त्यावर लांब कोट शोभतो. किल्टचे नेमके उलटे! किल्ट कमरेच्या बराच वर बांधतात आणि पुढे स्पोरन नावाचा बटवा लटकतो. सुटाचा नेहमीचा कोट घातला, तर बटवा झाकतो आणि मागच्या चुण्या दबतात. म्हणून किल्टचा कोट आखूडच हवा.

त्यातले दोन प्रकार लक्षात ठेवावेत. 'प्रिन्स चार्ली' हा संध्याकाळच्या थाटाच्या मेजवानीचा. तो पुढून उघडाच ठेवतात; आत वेस्टकोट आणि गळ्यात बो. 'अर्गाइल' जरा साधा. दिवसा टायवर, रात्री बोवर चालतो. एकच शिवायचा असेल, तर अर्गाइल घ्यावा. एका दिवसापुरता हवा असेल, तर तिकडे सगळा पोशाख भाड्याने मिळतो.

१७४६ च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. आज तिथले नवरदेव तो हौसेने घालतात. मग येत्या लग्नसराईत घरातल्या एखाद्या नवरदेवाने धोतर आणि लांब कोट घालायला काय हरकत आहे? नेसवायला आजोबा आहेत, तोवरच शिकून घ्यावे.