५ लाख डॉलरची बाटली, आणि ती खरी आहे हे सांगणार कोण?

हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलतानाचे 'अं... म्हणजे...' काढलेत, बाकी तसंच आहे.

१३ ऑक्टोबर २०१८, न्यूयॉर्क. सदबीजच्या लिलावात रेड वाइनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. फ्रान्समधल्या बर्गंडीची रोमाने-कोंती, साल १९४५. आधीचा अंदाज होता जास्तीत जास्त ३२ हजार डॉलर. नेहमीची ७५० मिलीची बाटली बरं का!

आधी वाइन जुनी का करतात ते बघू. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसं आखडतं, तसा तुरटपणा त्याने येतो. बाटली वर्षानुवर्षं पडून राहिली की हे टॅनिन एकमेकांना चिकटतं, काही गाळ होऊन तळाशी बसतं आणि चव मऊ होते. ताज्या फळाचा वास जाऊन सुकामेवा, चामडं, ओली माती असले वास येतात. पण हे मोजक्याच वाइनचं होतं. बोर्दो, बर्गंडी, इटलीतलं बारोलो वगैरे. तेही १२-१३ अंश तापमानात, अंधारात, बूच सुकू नये म्हणून बाटली आडवी ठेवून.

आता किंमत. १९४५ च्या रोमाने-कोंतीच्या मुळात ६०० च्या आसपासच बाटल्या निघाल्या. त्या हंगामानंतर जुन्या वेली उपटल्या, आणि पुढची वाइन आली ती थेट १९५२ ची. म्हणजे नवा माल शून्य, आणि कुणीतरी बूच काढलं की जगातली एक बाटली कमी.

इथेच खरी गोची आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसाला शंभर वेळा टेस्ट चालवतो, कोड काही संपत नाही. इथे टेस्ट म्हणजे बाटली उघडणं, आणि उघडली की विकायला काही उरत नाही. त्यामुळे लिलावात लोक चवीला नाही, बाटलीच्या प्रवासाला पैसे मोजतात. याला म्हणतात प्रॉव्हेनन्स. गिटचा कमिट लॉग समजा: कुणी घेतली, कुठे ठेवली, कुणाला दिली. त्या ५ लाखांच्या बाटलीचा लॉग अगदी छोटा होता. ती आली रोबेर द्रुएँ यांच्या तळघरातून, आणि त्यांच्या घराण्याची कंपनी कित्येक वर्षं याच वाइनची विक्रेती होती.

लॉग नसला की काय होतं? रुडी कुर्नियावान घ्या. मूळचा इंडोनेशियाचा, कॅलिफोर्नियात राहणारा, श्रीमंतांच्या पार्ट्यांमध्ये दुर्मिळ बाटल्या उघडणारा पोरगा. एप्रिल २००८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या लिलावात पोंसो घराण्याच्या 'क्लो सँ-देनी' वाइन ठेवल्या, त्यातली काही १९४५ ची. स्वतः लोराँ पोंसो विमान पकडून तिथे आले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन बनवायला सुरुवातच केली १९८२ मध्ये! बाटल्या मागे घेतल्या गेल्या. तरी अटक व्हायला मार्च २०१२ उजाडला. घरात एफबीआयला सापडली हजारो लेबलं, बुचं, लाख, आणि कुठली वाइन कशात मिसळायची याच्या नोंदी. २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. माझ्या मते यात सगळ्यात कमाल अशी की त्याला पकडलं ते चाखणाऱ्यांनी नाही, एका तारखेने.

न उघडता तपासायच्या काही युक्त्या आहेत. बुचातून वाइन हळूहळू उडते, म्हणून ७० वर्षांची बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसली तर विचारायचं, मध्ये कधी बूच बदललं का? अतिनील दिव्याखाली आधुनिक कागद चमकतो, जुना नाही. आणि माझी आवडती: सिझियम-१३७. हे किरणोत्सारी मूलद्रव्य हवेत पसरलं ते अणुस्फोटांमुळे, म्हणजे १९४५ पासून पुढे. त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, त्यामुळे बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप उबेर ते बूच न काढता मोजू शकले. १९०० सालच्या म्हणवणाऱ्या वाइनमध्ये सिझियम सापडलं, तर खेळ खल्लास. नाही सापडलं तर मात्र एवढंच कळतं की वाइन जुनी आहे. ती लेबलवरचीच आहे का, हे नाही.

वाइनमध्ये गुंतवणूक करा म्हणणारी ॲप्स कुणाच्या फोनवर दिसत असतील, तर परताव्याचा आलेख नंतर बघा. आधी विचारा, बाटली आत्ता कुठल्या गोदामात आहे, त्याआधी कुठे होती, कागद आहेत का. लिलावात बोली जिथे थांबते, त्यावर साधारण २०-२५ टक्के प्रीमियम वेगळा द्यावा लागतो, तोही हिशोबात धरा.

आणि नाशिकहून आणलेली बाटली मुलाच्या लग्नापर्यंत माळ्यावर ठेवू का? नको रे बाबा. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते, त्यात आपला मे महिना. याच शनिवारी उघडा.