उबुंटूची सीडी आणि केरळचे शिक्षक

संगणक घेणारा सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टीम निवडत नाही. यंत्रात जी येते ती वापरतो. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रसारातली मुख्य अडचण हीच आहे. गुणवत्ता आहे, दाम नाही, तरीही असलेली काढून नवी बसवण्याचा खटाटोप कोण करणार?

दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी या अडचणीला थेट हात घातला. इंटरनेट सुरक्षेतली आपली कंपनी १९९९ मध्ये विकून ते श्रीमंत झाले होते. त्यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची पहिली आवृत्ती आणली. उबुंटूच्या त्रुटींच्या यादीत पहिली नोंद खुद्द शटलवर्थ यांची होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वाधिक आहे. त्यावरचा उपाय म्हणजे ‘शिपइट’ योजना. कोणीही मागणी करावी आणि सीडी टपालखर्चासकट मोफत घरी यावी. भारतात तेव्हा इंटरनेट संथ आणि महाग होते. अख्खी सीडी उतरवून घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून या पाकिटांचे मोल इथे मोठे होते. शिवाय संगणकातले काही न बदलता उबुंटू सीडीवरूनच चालवून पाहता येई.

शिपइट २०११ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये शटलवर्थ यांनी ती पहिली नोंदही निकाली काढली, पण बाजार पालटला होता तो मुख्यतः स्मार्टफोन आणि टॅबलेटमुळे. घरातल्या डेस्कटॉपवर विंडोजच राहिली. सीडी कुतूहल जागवू शकली. मात्र प्रिंटर अडला, फॉन्ट दिसेना, तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न सीडीने सुटणारा नव्हता.

केरळने तो सोडवला. २००१ मध्ये तिथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. शिक्षक संघटनांनी मुक्त सॉफ्टवेअरची बाजू लावून धरली आणि शाळा टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आल्या. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार झाले. त्यांनी इतरांना शिकवले. पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली गेली, गणितासाठीच्या जिओजेब्रासारखी साधने तिच्यात आली, दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षाही तिच्यावर होऊ लागली. प्रकल्पाची सूत्रे पुढे ‘काइट’ या सरकारी कंपनीकडे गेली. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मिळून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा तिचा २०१९ मधला अंदाज होता. परवान्यांचा खर्च दर संगणकामागे दीड लाख रुपये धरून केलेला हा हिशेब आहे.

पैशांपेक्षाही मोलाची गोष्ट अशी की, या मुलांना लिनक्स वेगळी वाटत नाही. त्यांचा पहिला संगणकच लिनक्सवर चालणारा असतो.

महाराष्ट्राने हे मनावर घ्यावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली मराठीत उपलब्ध आहे. तिच्या जाहिरातीवर खर्च करण्याआधी तालुक्यातालुक्यात शिक्षक तयार करावेत, दुरुस्ती करणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे आणि पाठ्यपुस्तक तिच्याशी जोडावे. अडल्यावर हाकेला धावणारा माणूस जवळ असला की लोक नवी प्रणाली स्वीकारतात.