अक्षरओळखीच्या पुढचे पाऊल : चिकित्सक वाचन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे नाडल्या जाणाऱ्या एका शेतकरी जोडप्याची ती कथा असून, अखेरीस ते जोडपे शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरते. शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा आहे, असा या नाटकाचा आशय. या तिसऱ्या डोळ्याला केवळ अक्षरे दिसणे पुरेसे नाही. अक्षरांमागचा अर्थही दिसला पाहिजे.

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि साक्षरतेच्या कार्याला मोठी चालना मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. या व्याख्येतील ‘समजून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. समजणे म्हणजे नेमके काय, याचा विचार येथूनच सुरू होतो.

वाचनाच्या तीन पायऱ्या

वाचनाची पहिली पायरी म्हणजे मजकुरात काय लिहिले आहे ते अचूक जाणणे. दुसरी पायरी विश्लेषणाची. मजकुराचे भाग वेगळे करावयाचे; त्यात वस्तुस्थिती कोणती, मत कोणते, कोणत्या विधानाला आधार आहे आणि कोणत्या विधानाला नाही, हे पाहावयाचे. तिसरी पायरी अनुमानाची. जे स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही, परंतु सांगितलेल्या गोष्टींवरून निश्चितपणे निघते, ते ओळखणे म्हणजे अनुमान. अनुमान आणि तर्कट यांत मोठे अंतर आहे. अनुमानाला मजकुरातील पुरावा लागतो. तर्कटाला केवळ कल्पना पुरते.

हे कौशल्य विद्वानांपुरते मर्यादित आहे, असे मानण्याचे कारण नाही. ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी आढळणारा सात-बाराचा उतारा हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

उताऱ्याचे वाचन

सात-बारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. जमीन विकत घेऊ इच्छिणारा सामान्य वाचक बहुधा गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव आणि क्षेत्र एवढेच पाहतो आणि उतारा घडी करून खिशात ठेवतो. हे झाले पहिल्या पायरीचे वाचन. व्यवहारातील धोका मात्र पुढच्या रकान्यांत दडलेला असतो.

भूधारणा पद्धतीच्या जागी ‘भोगवटादार वर्ग २’ असे असेल, तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर शासनाची बंधने आहेत. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागेल काय, हा प्रश्न इसार देण्यापूर्वीच विचारला पाहिजे. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, जाण्या-येण्याची वाट अशा नोंदी असू शकतात. एखादी नोंद कंसात असेल, तर ती कमी केलेली आहे असे समजावयाचे. मात्र ती कोणत्या कारणाने कमी झाली, हे उताऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी फेरफार क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही पाहावी लागते.

आता अनुमानाकडे वळू. समजा, नमुना बारामध्ये सलग काही वर्षे ऊस या पिकाची नोंद आहे. परंतु जलसिंचनाच्या साधनाचा रकाना मात्र कोरा आहे. ऊस पाण्यावाचून येत नाही. तेव्हा एकतर पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून किंवा कालव्यातून येत असले पाहिजे, किंवा दोन नोंदींपैकी एक अपुरी वा चुकीची असली पाहिजे. यांपैकी खरे कोणते हे कागद सांगत नाही. परंतु चौकशी नेमकी कशाची करावी, हे मात्र तो निश्चित सांगतो.

दुसरे उदाहरण वारसाच्या नोंदीचे. वडिलांच्या मृत्यूनंतर उताऱ्यावर केवळ मुलांची नावे लागलेली असतात, मुलींची नसतात. यावरून ‘मुलींचा हक्क नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. महाराष्ट्राने त्या दिशेने १९९४ मध्येच पाऊल टाकले होते. नाव नसण्याचे कारण नोंदणीकृत हक्कसोडपत्र हे असू शकते किंवा वारस-नोंदीच्या वेळी झालेली वगळणूकही असू शकते. नोंद नसणे आणि हक्क नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ज्या भगिनीला वाचता आला, तिला आपला प्रश्न योग्य जागी उपस्थित करता येतो. ज्या खरेदीदाराला तो वाचता आला, तो पुढील वादापासून वाचतो.

खुद्द कायद्याची भूमिकाही अशीच विवेकाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे नोंदीवर विश्वास ठेवावयाचा, परंतु तो डोळस असावा. केवळ फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयांनीही वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

आकड्यांचे वाचन

हीच दृष्टी आकड्यांनाही लागू पडते. १९५१ मध्ये देशातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. १९९१ मध्ये ते ५२.२१ टक्के झाले. ‘म्हणजे निरक्षरांची संख्या घटली’, असे कोणीही सहज म्हणेल. प्रत्यक्षात त्या काळात निरक्षरांची संख्या वाढली होती, कारण लोकसंख्याही झपाट्याने वाढत होती. ती संख्या प्रथम घटली ती १९९१ ते २००१ या दशकात. शिवाय १९५१ चे प्रमाण पाच वर्षांवरील, तर १९९१ चे सात वर्षांवरील लोकसंख्येवर काढलेले आहे. टक्केवारी समोर आली की ती कशाची, कोणत्या काळातील आणि कोणत्या गटाची, हे तीन प्रश्न विचारावेत.

सवय लावण्याचे मार्ग

चिकित्सक वाचन अभ्यासाने साध्य होते. शाळेत धडा वाचून झाल्यावर ‘लेखक काय म्हणतो’ या प्रश्नाबरोबरच ‘हे कशावरून’ आणि ‘यात काय सांगितलेले नाही’ हे दोन प्रश्न विचारले जावेत. प्रौढ साक्षरता वर्गांत उतारा, पावती, विम्याचा कागद, कर्जाचा करार, ग्रामसभेची सूचना हेच पाठ्यसाहित्य म्हणून वापरता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ मुळे गावोगावच्या ग्रंथालयांना आधार लाभला आहे. एकाच घटनेची दोन वृत्तपत्रांतील वृत्ते शेजारी ठेवून त्यांतील वस्तुस्थिती आणि मत वेगळे करण्याचा उपक्रम तेथे सहज राबविता येईल.

प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहावे, असा याचा अर्थ नव्हे. आधार असेल तेथे विश्वास आणि आधार नसेल तेथे प्रश्न, हेच चिकित्सेचे सूत्र आहे. अंगठ्याच्या जागी सही आली, हे साक्षरतेचे मोठे यश होय. ती सही करण्यापूर्वी वरचा मजकूर पारखून घेण्याची सवय जेव्हा घरोघरी रुजेल, तेव्हाच ते यश परिपूर्ण होईल.