एका माणसाचे दोन दरवाजे

अकोटहून उत्तरेला निघालं की कपाशी-तुरीच्या सपाट काळ्या रानाला एकाएकी सातपुडा आडवा येतो. या डोंगरातून उत्तर हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटा ज्याच्या ताब्यात, त्याचं वऱ्हाड. म्हणून या कडेवर दोन बलाढ्य किल्ले उभे राहिले. एक अकोला जिल्ह्यातला नरनाळा, दुसरा अमरावती जिल्ह्यातला गाविलगड. पहाटे निघालात तर दोन्ही एका दिवसात होतात. पण आधी नरनाळा, मग गाविलगड, हा क्रम मात्र मोडू नका.

नरनाळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. शहानूरला वनखात्याकडे नोंद करायची, तिथला वाटाड्या सोबत घ्यायचा आणि वर चढायचं. दरवाजे मागे टाकत तुम्ही महाकाली दरवाजापुढे येता आणि पाय आपोआप थांबतात. काळ्या दगडाच्या या मुलखात हा दरवाजा फिकट वालुकाश्माचा! त्यावर कमळं कोरलेली, वर अरबी अक्षरांचे देखणे लेख, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्यांची तऱ्हेतऱ्हेची नक्षी. शत्रूला अडवायला बांधलेली वास्तू इतकी सुंदर करायची गरजच काय होती?

उत्तर शिलालेखात आहे. साल १४८७. बिदरच्या तख्तावर बहमनी सुलतान महमूदशाह आहे आणि त्याच्या नावाचा मान राखून हा दरवाजा उभा करणारा सरदार आहे फतहउल्ला इमाद-उल-मुल्क. पण त्या वेळी बहमनी सत्ता आतून पोखरली होती. कर्तबगार वजीर महमूद गावान याला आधीच्या सुलतानानं १४८१ मध्ये ठार करवलं, तेव्हापासून सरदार आपापल्या प्रांतात पाय रोवू लागले. अशा काळात दाराशी धन्याचं नाव इतक्या डौलात कोरणारा हा सरदार होता तरी कोण?

फरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की फतहउल्ला जन्मानं विजयनगर राज्यातला कानडी हिंदू. लढाईत लहानपणी पकडला गेला, बहमनी फौजेत वाढला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी राहून स्वतःच्या हिमतीवर वर चढला. गावाननं वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, तेव्हा गाविलचा कारभार त्याच्याकडे आला. गुलाम म्हणून या मातीत आणलेला मुलगा तिचा धनी होऊ घातला होता.

आता गाविलगडाकडे चला. वाटेत अंजनगावचे पानमळे लागतात, पुढे परतवाडा, मग चिखलदऱ्याचा घाट. फतहउल्लानं हा गड १४८८ च्या सुमारास नव्यानं मजबूत केला, म्हणजे महाकाली दरवाजानंतर जेमतेम वर्षभरानं. इथल्या दिल्ली दरवाजाकडे मान वर करून बघा. त्यावर सिंह आहेत, आणि आहे दोन डोक्यांचा एक अचाट पक्षी, ज्याच्या तावडीत हत्तीसुद्धा खेळण्याएवढे दिसतात. हा गंडभेरुंड. कर्नाटकात बळ्ळिगावीला त्याचा अकराव्या शतकातला स्तंभ उभा आहे, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो झळकतो आणि आजही कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर आहे.

कानडी मुलखातला हा पक्षी सातपुड्यात कसा आला? फतहउल्लाच्या जन्मभूमीची ही खूण असावी, असं अभ्यासकांना वाटत आलं आहे. सावधपणे म्हणायचं तर, बलाचं चिन्ह म्हणून गंडभेरुंड दख्खनच्या इतर किल्ल्यांवरही कोरला गेला, तेव्हा दगडावरून कुणाचं मन छातीठोक सांगता येत नाही. पण दोन्ही दरवाजे पाठोपाठ पाहिले की अंगावर काटा येतो. नरनाळ्यावर धन्याचं नाव आहे आणि गाविलगडावर हत्तींना झेलणारा पक्षी. दोन-एक वर्षांत, १४९० च्या सुमारास, फतहउल्ला स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. पुढे १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली.

गाविलगडाचं बळ मात्र टिकून राहिलं. तीन बाजूंना खोल दऱ्या आणि उत्तरेला डोंगराची एक सोंड, तीही बाहेरच्या किल्ल्यानं राखलेली. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं त्याच उत्तर बाजूला तोफा चढवल्या आणि १५ डिसेंबरला गड घेतला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. १८५८ मध्ये, तात्या टोपे गडाचा आसरा घेतील या धास्तीनं, इंग्रजांनी तटबंदी पाडायला घेतली.

दोन्ही दरवाजे आजही उभे आहेत. अकोला-अमरावतीच्या शाळांच्या सहली लांबलांबच्या किल्ल्यांवर जातात, तशी दर वर्षी एक सहल इथंही यायला हवी. कानडी मुलगा वऱ्हाडचा सुलतान होतो, अरबी अक्षरांच्या शेजारी कमळ फुलतं आणि सुलतानाच्या दारावर गंडभेरुंड बसतो. इतकं सारं सामावून घेणारा मुलूख आपला आहे, हे मुलांना त्या दगडांपुढे उभं करून दाखवलं पाहिजे.