परसातला रत्ना आंबा

हापूस आंबा बाहेरून पिवळाधमक दिसतो. घरभर वास सुटतो. पाहुण्यासमोर आंबा कापावा, आणि आत पाहावे तर कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. तेवढा भाग टाकूनच द्यावा लागतो. या दोषाला साका म्हणतात.

साका ही कीड नव्हे. तो रोगजंतूंनीही होत नाही. म्हणून औषध मारून तो जात नाही. फळ झाडावर पिकायला येते त्या दिवसांत ऊन आणि जमिनीची धग लागली की साका वाढतो. झाडावर फार दिवस राहिलेल्या फळात तो जास्त सापडतो. बाहेरून मात्र काही कळत नाही. खरी अडचण हीच आहे. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून गिऱ्हाइकाने डझनभर आंबे नेले, त्यांतले चार साक्याचे निघाले, की ते गिऱ्हाईक पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. आता यात त्या बाईचा काय दोष?

यावर कोकणातच एक तोड निघाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे एक फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्याला आहे. तिथे नीलम आणि हापूस या दोन जातींचा संकर केला. संकर म्हणजे काय? एका जातीच्या मोहरावर दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. त्यातून जे फळ धरते त्याची कोय रुजवायची. अशी झाडे वाढवून, त्यांची फळे पारखून, चांगले झाड निवडायचे. याला वर्षांमागून वर्षे लागतात. नीलम ही दक्षिणेकडची जात. ती दरवर्षी धरते. हापूस एक वर्ष भरपूर देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. या दोघांपासून जी जात झाली तिचे नाव रत्ना. ती १९८१ साली शेतकऱ्यांना दिली. रत्नाचे फळ हापूसपेक्षा मोठे असते. गराला रेषा नाही. आणि मुख्य गोष्ट, त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांचा पुन्हा संकर करून सिंधू नावाची जात काढली. तिची कोय अगदी पातळ असते.

आता कुणी म्हणेल, शेजाऱ्याकडचा रत्ना खाऊ आणि कोय परसात पुरू. तसे करू नका. कोयीपासून आलेले झाड आईसारखेच निघेल याचा भरवसा नाही. पाच-सात वर्षे पाणी घालाल आणि शेवटी भलताच आंबा खाल! रत्ना हवा तर कलमच आणले पाहिजे. आपल्या कोकणात कोय कलम करतात. पावसाळ्याच्या तोंडाला ताजी कोय रुजवतात. रोप कोवळे, तांबूस असते तेव्हाच ते कापून त्यावर रत्नाच्या झाडाची काडी बांधतात. मुळे साध्या आंब्याची, वरचे झाड रत्नाचे. कलम सरकारी किंवा परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्यावे. दारावर सायकलवरून येणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारावे.

जागा नीट पाहा. तारापूर, चिंचणी, दांडी या बाजूला खाडीलगत खारी जमीन आहे. तिथे आंबा तग धरत नाही. भातखाचरासारखे पाणी साचते तिथेही नको. उंचवट्याची, निचऱ्याची जागा बरी. घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब राहा. उन्हाळ्यातच तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा खणून ठेवा. चांगली माती आणि शेणखत मिसळून तो भरा. पहिले पाऊस झाले की कलम लावा. जोड मातीत गाडू नका. बांधलेली पट्टी जोड पक्का झाल्यावर सोडा, नाहीतर ती खोडाला काचते. जोडाच्या खालून फूट आली तर लगेच काढा. ती फूट रत्नाची नव्हे, खालच्या रोपाची. ती वाढली तर रत्ना मरेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

पहिले तीन उन्हाळे पाणी द्यायचे. घरातले पुरुष बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातात, तेव्हा हे काम बहुधा बायकांवरच पडते. म्हणून कलम मोरीच्या पाण्याजवळ असले तर सोयीचे. फक्त साबणाचे पाणी मुळाशी सोडू नका. पहिली दोन-तीन वर्षे मोहर आला तर खुडून टाका. जीव हळहळतो, पण झाड आधी अंगाने भरले पाहिजे.

रत्नाला साका होत नाही म्हणजे काहीच होत नाही, असे मात्र समजू नका. मोहरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पाण्यात विरघळणारे गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम घालून फवारावे. नाकातोंडाला फडके बांधावे आणि दुपारच्या उन्हात फवारू नये. तुडतुडे दाट, अंधाऱ्या झाडात माजतात. फांद्या विरळ करून आत ऊन येऊ द्या. फळमाशीसाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो. खाली पडलेली किडकी फळे वेचून खोल पुरा, नाहीतर त्यांतूनच पुढच्या माश्या निघतात.

घरी हापूसचे जुने झाड असेल तर रत्नासाठी ते तोडू नका. वासात हापूसची बरोबरी रत्ना करत नाही, असे माझे मत. व्यापारीही आधी हापूसच विचारतो. हापूसच्या बुंध्याभोवती वाळलेले गवत पसरा. जमिनीची धग कमी होते, साकाही कमी होतो. फळ चौदा आणे तयार झाले की उतरवा, म्हणजे देठाजवळचे खांदे वर आले की. झेल्याने, थोडा देठ ठेवून, सकाळी उतरवा आणि लगेच सावलीत ठेवा. काठीने झोडपलेला आंबा, मग तो हापूस असो की रत्ना, पेंढ्यात घातला तरी पिकण्याआधी सडतो.