पायातलं गळ्यात

होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला अक्कलकुव्यात उभं राहिलं की आधी कानांना कळतं, मग डोळ्यांना. डोंगरातून उतरलेल्या बायकांच्या पायांतली चांदी वाजत असते. काठीच्या राजवाडी होळीला हीच चांदी रात्रभर नाचते. ती चांदी त्या बाईची स्वतःची असते. पीक बुडालं तर ती सोनाराकडे गहाण पडते, पुढचा हंगाम साधला तर सुटून येते.

बाजारातून निघालेला रस्ता गुजरातेत उतरून अंकलेश्वरला जातो, तिथून पुढे बडोदं. गायकवाडांचं पहिलं ठाणं सोनगडही आपल्या नवापूरला लागूनच. त्या बडोद्याच्या राण्या समुद्रापार गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर काय होतं, हे मी बरीच वर्षं शोधते आहे. राण्यांचे मोठे दागिने बहुतेक जामदारखान्याचे, म्हणजे संस्थानचे असत. अक्कलकुव्याच्या बाईइतका हक्क महाराणीला तिच्या गळ्यातल्या हारावर नव्हता.

1887 साली सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला गेले. बरोबर महाराणी चिमणाबाई होत्या, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, वय जेमतेम पंधरा-सोळा. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानण्याचा तो काळ. पुढे 1902 मध्ये जयपूरचे महाराज लंडनला निघाले तेव्हा त्यांनी चांदीच्या अजस्र कलशांत गंगाजल भरून नेलं होतं.

चिमणाबाईंनी परदेशातही लुगडं सोडलं नाही. नऊवारीचा काचा मागे खोचलेला, चालायला मोकळा. बोटीचा जिना चढायला विलायती घोळदार झग्यापेक्षा तो नक्कीच सोयीचा. वर मोत्यांच्या सरी. 1892 मध्ये त्यांना ‘क्राउन ऑफ इंडिया’ हा स्त्रियांसाठीचा किताब मिळाला. हिरे, मोती आणि फिरोजा जडवलेली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि त्याला फिकट निळी फीत. पदरावर ते राणीचं चिन्ह लावलेल्या महाराणीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की मला त्या काळाचा सगळा पेच दिसतो. विलायतेत त्या उघडपणे लोकांत वावरत, संस्था पाहत. बोट मुंबईला लागली की पुन्हा पडदा. तो त्यांनी 1914 च्या सुमारास बडोद्यात बाजूला सारला. त्याआधी 1911 साली त्यांचं भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं होतं. प्रवासात पाहिलेले स्त्रियांचे उद्योग आणि संघटना त्यात आल्या आहेत. 1927 मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा त्याच. परदेशातून त्यांनी आणलेलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

त्यांची लेक इंदिराराजे. ग्वाल्हेरशी ठरलेलं लग्न स्वतः मोडून त्यांनी 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केलं. सासू सुनीतीदेवी 1887 च्या व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला लंडनमध्ये होत्या. म्हणजे सासू आणि आई एकाच वर्षी विलायतेला गेलेल्या! 1922 मध्ये, तिशीतच, इंदिराराजेंना वैधव्य आलं. पांढरं नेसायचं ते त्यांनी असं नेसलं की सगळे बघत राहिले. फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचं, 45 इंची शिफॉन विणवून घेण्याचं श्रेय त्यांनाच देतात. नऊवारीच्या घरातली ही मुलगी. तिच्यामुळे ते तलम वस्त्र राजघराण्यांत पसरलं आणि पुढे बाजारात आलं. फ्लॉरेन्सच्या साल्वातोरे फेरागामो या चर्मकाराला त्यांनी शंभर जोड सांगितले होते. त्यांतल्या काहींवर जडवायला हिरे आणि मोती स्वतःच्या संग्रहातून पाठवले. हे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

आणि मग सीतादेवी. पिठापुरमच्या, 1943 मध्ये सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या दुसऱ्या राणी झाल्या. 1948 च्या परदेश दौऱ्यावर झालेल्या उधळपट्टीचा बोभाटा झाला आणि 1951 मध्ये प्रतापसिंहरावांची गादी गेली. सीतादेवी युरोपात राहिल्या. जामदारखान्यातलं पुष्कळ जवाहीर त्यांच्याबरोबर बाहेर गेलं. खंडेराव महाराज गायकवाडांनी बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 मध्ये दोह्याला लिलावात सुमारे 55 लाख डॉलरला गेला. बडोद्याच्या सात पदरी मोत्यांच्या हारातले मोती निवडून केलेला 68 मोत्यांचा दोन पदरी हार 2007 मध्ये सुमारे 71 लाख डॉलरला. संस्थानच्या मालाची ही पांगापांग वाचताना मला राग येतो, तो अजून गेलेला नाही.

सीतादेवींचे पैंजण पाचू-हिऱ्यांचे होते. पायात सोनं घालायचा मान आपल्याकडे राजघराण्याचा. यांच्या पायात तर पाचू. न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन याने ते विकत घेतले, मोडून गळ्यातला हार केला आणि तो विंडसरच्या डचेसला विकला. 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत दोघी समोरासमोर आल्या. लोक हाराची वाखाणणी करत होते. हे पाचू माझ्या पायांतही छान दिसायचे, असं सीतादेवी म्हणाल्या, अशी हकिगत सांगतात. डचेसने तो हार विन्स्टनला परत केला.