लाली गेली, पण डोळा बरा झाला का?

डोळे लाल झाले की दुकानातून 'मागच्या वेळचेच ड्रॉप्स' आणायचे आणि लाली गेली की निर्धास्त व्हायचं, ही सवय सोडायला हवी. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर ते फक्त सूज दाबतं. सूज कशाने आली, ते कारण तसंच राहतं. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीत आणि राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. विषाणूंमुळे असे आलेले डोळे बहुतेकांचे आठवडा-दोन आठवड्यांत आपसूक बरे होतात. पण तशाच लाल डोळ्यात, बुबुळावर हर्पीसची जखम असली किंवा उसाचं पातं लागून बुरशी शिरलेली असली, तर स्टेरॉइडमुळे तिला मोकळं रान मिळतं. पुढे जखम भरली तरी बुबुळावर फूल पडू शकतं.

"आमचे ड्रॉप्स साधे अँटिबायोटिकचे आहेत." खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. अनेकदा अँटिबायोटिकच्या नावाखालीच डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असतं. प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल हीदेखील स्टेरॉइडच.

सगळ्यात घातक समज म्हणजे, "काही बिघडलं तर डोळा दुखेलच." डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिमी (पारा) असतो. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं, ती स्टेरॉइडने अडखळते आणि दाब चढतो. थेंब काही आठवडे सुरू राहिले तर सुमारे तिघांतल्या एकाचा दाब लक्षणीय वाढतो, शेकडा पाच जणांचा तर फारच. दुखत बहुधा काहीच नाही. वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस मरत जाते, हाच काचबिंदू. त्यात आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे कळत नाही. उन्हाळा लागला की डोळे चोळणारी, तारेसारखा चिकट स्राव येणारी ॲलर्जीची मुलं मला सगळ्यांत काळजीची वाटतात. आराम पडतो म्हणून दरवर्षी त्यांच्या डोळ्यांत तेच थेंब पडतात. थेंब थांबवल्यावर दाब बहुधा उतरतो, पण काचबिंदूने मेलेली नस परत येत नाही. दीर्घ वापराने मोतीबिंदूही कोवळ्या वयात होतो.

पापण्यांना महिनोन्महिने लावलेलं स्टेरॉइडचं मलमही डोळ्यापर्यंत पोहोचू शकतं.

म्हणून स्टेरॉइड वाईट, असं मात्र नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेत तेच नजर वाचवतं. तिथे भीतीपोटी ते मध्येच बंद केलं तर सूज उलटते, म्हणून डॉक्टर थेंब हळूहळू कमी करतात. चिठ्ठी घेताना दोन गोष्टी विचारून घ्या: किती दिवस घालायचे आणि दाब कधी तपासायचा.